चक्रीवादळानंतरचा लांबलेला अंधार: वस्तीने वीज, पाणी आणि माणसं कशी सांभाळायची

हरिकेन म्हणा, टायफून म्हणा की चक्रीवादळ, वारा थांबल्यावरचा पहिला प्रश्न सगळीकडे एकच असतो: वीज कधी येणार? प्रामाणिक उत्तर असं, की मोठ्या वादळानंतर ती तासांत येत नाही, दिवसांतही येईलच असं नाही. २० सप्टेंबर २०१७ रोजी 'मारिया' हे हरिकेन कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिकोवर धडकलं आणि बेटावरच्या सुमारे १५ लाख ग्राहकांची वीज गेली. शेवटच्या घरांपर्यंत ती पोचायला जवळपास ११ महिने लागले. सुरुवातीला सरकारी आकडा ६४ मृत्यूंचा होता. पुढे झालेल्या अभ्यासानंतर सरकारने २,९७५ हा अंदाज मान्य केला. वाऱ्याने आणि पुराने जितकी माणसं गेली त्याच्या कितीतरी पट माणसं पुढच्या महिन्यांत गेली. वीज नाही म्हणून पाणी नव्हतं, औषध थंड राहत नव्हतं, श्वासाचं यंत्र बंद होतं, दवाखान्याला फोन लागत नव्हता.

हा लेख त्या मधल्या काळासाठी आहे. त्यातलं म्हणणं एका हिशेबात येतं. ४० घरांनी ४० छोटे जनरेटर रोज ६ तास चालवले आणि प्रत्येकाने तासाला अर्धा लिटर पेट्रोल खाल्लं, तर दिवसाला १२० लिटर लागतं. त्याच ४० घरांनी ५ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता मोजायचं माप) एकच जनरेटर ६ तास चालवून पाणी, औषधांचा फ्रिज आणि फोन सांभाळले, तर ९ ते १२ लिटरमध्ये काम होतं. रस्ते बंद असताना हा फरक जीव वाचवतो. शिवाय धुराने गुदमरण्याच्या ४० जागांऐवजी एकच जागा राहते, आणि तिच्यावर लक्ष ठेवता येतं.

पहिले काही तास: तारा आणि पाणी

बाहेर पडण्याआधी घराचा मेन स्विच बंद करा. वीज नसली तरी करा, कारण ती कधी येईल हे आपल्या हातात नाही. मेन स्विचपर्यंत जायला पाण्यातून चालावं लागत असेल तर जाऊ नका. खांबावरून पुरवठा तोडण्याचं काम वायरमनवर सोडा.

जमिनीवर पडलेली तार जिवंतच आहे असं समजा. ती ठिणग्या टाकत नाही, आवाज करत नाही, आसपासची सगळी वस्ती अंधारात आहे, यातलं काहीही ती मेलेली असल्याचा पुरावा नाही. उपकेंद्रातून चाचणीसाठी फीडर, म्हणजे तिथून वस्त्यांकडे निघणारी मुख्य वाहिनी, पुन्हा चालू केला जातो. कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी तारेत येऊ शकते. किमान १० मीटर लांब राहा. ओली जमीन, कुंपणाची जाळी, पत्र्याचं छप्पर, तारेवर कलंडलेलं झाड, हे सगळं त्या तारेचाच भाग माना. चुकून जवळ गेलाच असाल तर लांब ढांगा टाकत पळू नका. जमिनीत शिरलेला प्रवाह दोन पावलांमध्ये विजेच्या दाबाचा (व्होल्टेजचा) फरक तयार करतो आणि अंतर जितकं जास्त तितका झटका मोठा. पाय जोडून, जमिनीवरून न उचलता, इंच-इंच सरकत मागे या. गाडीवर तार पडली असेल तर आतच बसून राहा. आग लागली तरच दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी मारा. गाडी आणि जमीन दोन्हींना एकाच वेळी स्पर्श होता कामा नये.

तारेला टेकलेली फांदी वस्तीतल्या कुणीही तोडायची नाही. रस्त्यावर पडलेली, तारेचा संबंध नसलेली झाडं मात्र लगेच हटवायला घ्या, कारण दुरुस्तीची गाडी अडते ती बहुतेक वेळा इथेच. वाकून दाबली गेलेली फांदी कापताना ती धनुष्यासारखी उसळते. आधी दाबाच्या, म्हणजे आतल्या बाजूने उथळ खाच घ्या आणि मग ताणाच्या बाजूने थोडं थोडं कापत जा. उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात उभा राहतो, म्हणून त्या खड्ड्यात कुणी उभं राहू नये.

वीज कोणत्या क्रमाने परत येते

हा क्रम समजला की बराचसा संताप टळतो आणि नेमकी माहिती नेमक्या ठिकाणी देता येते. आधी वीजकेंद्रं आणि अतिउच्चदाबाचे मनोरे, मग उपकेंद्रं. त्यानंतर रुग्णालय, पाणीपुरवठा, मोबाइल मनोरे असलेले फीडर. मग ११ केव्हीच्या, म्हणजे ११,००० व्होल्टच्या, मुख्य वाहिन्या, त्यांच्या शाखा, रोहित्रं म्हणजे आपल्या बोलण्यातली डीपी, लघुदाबाच्या तारा, आणि अगदी शेवटी एकेका घराची सर्व्हिस वायर. वरचं तुटलेलं असेल तर खालचं जोडून उपयोग नाही. २०२१ मध्ये 'आयडा' वादळात न्यू ऑर्लिन्सला वीज आणणाऱ्या आठही पारेषण वाहिन्या एकदम निकामी झाल्या होत्या. अशा वेळी शहरातली प्रत्येक गल्ली दुरुस्त असती तरी दिवा लागला नसता.

समोरच्या रांगेत वीज आहे आणि आपल्याकडे नाही, यामागेही बहुतेक वेळा पक्षपात नसतो. दोन रांगा वेगळ्या डीपीवर किंवा वेगळ्या फीडरवर असतात. एखाद्या फेजचा फ्यूज उडाला असेल तर एकाच गल्लीत दर तिसरं घर अंधारात दिसतं. ही खूण ओळखा आणि कळवताना तशीच सांगा, वायरमनचा तासभर वाचतो.

किनाऱ्याजवळ आणखी एक गोष्ट घडते. वादळाचा वारा समुद्राचं मीठ चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसवतो. कोरड्या दिवसात काही होत नाही, पण पहाटेचं दव पडलं की मिठाचा थर वाहक बनतो, ठिणगी उडते आणि फीडर ट्रिप होतो. वीज येऊन दोन दिवसांनी पुन्हा गेली, तीही पहाटे, तर कारण हेच असू शकतं. इन्सुलेटर धुतले जाईपर्यंत किंवा चांगला पाऊस पडेपर्यंत असं होत राहतं.

नुकसानीची वही

प्रत्येक वस्तीने दुसऱ्या दिवशी एक फेरी मारून नोंद करावी. दोन माणसं, एक वही, एक फोन. तारांपासून १० मीटर लांब राहून फोटो झूम करून काढायचे. नोंदीत खांबाचा क्रमांक, डीपीचा क्रमांक किंवा नाव आणि जवळची ठळक खूण हवी. नुकसान कोणतं ते नेमक्या शब्दांत लिहा: खांब मोडला, खांब कलला, तार तुटून जमिनीवर, तार तुटून लोंबकळतेय, झाड तारेवर, ताणाची तार सुटली, डीपी कलंडली, डीपीतून तेल गळतंय. त्याखाली महत्त्वाची ओळ: तिथपर्यंत क्रेन किंवा खांबांची गाडी पोचेल का, रस्ता किती रुंद आहे, मऊ जमीन आहे का.

'आमच्याकडे लाइट नाही' अशा ५० तक्रारींपेक्षा 'डीपीपासून तिसरा आणि चौथा खांब मुळाशी मोडला, तार १२० मीटर खाली, गाडी पूर्वेकडून येऊ शकते' ही एक तक्रार उपयोगी. कारण पथक निघतानाच दोन खांब, क्रॉस आर्म (खांबावरची आडवी पट्टी), इन्सुलेटर आणि पुरेशी तार गाडीत घालून निघतं. पहिल्या फेरीत फक्त पाहणी आणि दुसऱ्या फेरीत साहित्य, यात एकेक दिवस जातो. तक्रार एकाच माणसाने करावी आणि त्याचाच फोन नंबर द्यावा. त्याच वहीच्या मागच्या पानावर ज्या घरांत जनरेटर, इन्व्हर्टर किंवा छतावर सोलर आहे त्यांची यादी ठेवा आणि पथक आल्यावर आधी तीच दाखवा. लाइनवर चढणाऱ्या माणसाला उलट्या विजेचा धोका कुठून आहे हे कळणं त्याचा हक्क आहे.

पथकाला मदत म्हणजे खांबावर चढणं नव्हे. वाट दाखवणारा माणूस, पिण्याचं पाणी, जेवण, बसायला सावली आणि रात्री झोपायला कोरडी जागा, एवढं करा. खड्डे खणायला हात हवे असतील तर ते पथकप्रमुखाने लाइन बंद करून ती जमिनीला जोडल्यावर (अर्थिंग केल्यावर) आणि जागा आखून दिल्यावरच. खांबाच्या लांबीचा साधारण सहावा भाग जमिनीत जातो, म्हणजे ९ मीटरच्या खांबाला १.५ मीटर खड्डा. उथळ खणलेला खांब पुढच्या वाऱ्यात पहिला पडतो.

माणसांची यादी आधी, यंत्रांची नंतर

पहिल्याच दिवशी घरोघरी विचारून एक यादी करा: ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेचं यंत्र) वापरणारे, नेब्युलायझर लागणारे, डायलिसिसवर असलेले, इन्सुलिन घेणारे, अंथरुणाला खिळलेले, गरोदर बाया, तान्ही मुलं, एकटे राहणारे वृद्ध. प्रत्येक नावापुढे एका शेजाऱ्याचं नाव लिहा. तो दिवसातून दोनदा जाऊन बघेल. 'काही लागलं तर सांगा' एवढ्यावर सोडू नका. उष्म्याने गळून गेलेल्या माणसाला आपल्याला काही लागतंय हेच कळत नाही. २०१७ मध्ये 'इर्मा'नंतर फ्लोरिडातल्या एका शुश्रूषागृहात वातानुकूलन बंद पडलं आणि उकाड्याने १२ वृद्ध दगावले, तेही रुग्णालय अगदी शेजारी असताना. हलवायचा निर्णय उशिरा झाला.

ऑक्सिजनचा हिशेब आधीच मांडून ठेवा. ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो, म्हणजे २४ तासांत ८ युनिटपेक्षा जास्त. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक बॅटरी त्याला जेमतेम दोन तास पुरते. त्यामुळे अशा रुग्णाला बॅटरीच्या भरवशावर ठेवू नये, सिलिंडर हवा. मोठ्या, ७ घनमीटरच्या सिलिंडरमध्ये ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला २ लिटर दराने तो ५८ तास चालतो. छोटा १.५ घनमीटरचा साडेबारा तास. शेवटचा सिलिंडर लावला त्याच क्षणी रुग्णाला वीज असलेल्या ठिकाणी हलवायची तयारी सुरू करा.

न उघडलेलं किंवा वापरात असलेलं इन्सुलिन १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात २८ दिवसांपर्यंत वापरता येतं. म्हणून फ्रिज बंद पडला की लगेच टाकून देऊ नका. पण ३० अंशांच्या वर ठेवलं तर त्याची ताकद कमी होत जाते. ते थेट बर्फावर ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही निकामीच. मातीच्या भांड्यात भांडं ठेवून मध्ये ओली वाळू भरण्याची युक्ती कोरड्या हवेत उत्तम चालते, दमट किनाऱ्यावर तिचा उपयोग थोडाच होतो. तिथे सामायिक जागेतला एक फ्रिज फक्त औषधांसाठी राखणं बरं. त्यात कुणाचंही अन्न ठेवू देऊ नका, दर वेळी दार उघडलं की थंडावा जातो.

घरच्या फ्रिजचं म्हणाल तर दार न उघडल्यास आतलं अन्न ४ तास टिकतं, पूर्ण भरलेला फ्रीजर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. लवकर नासणारं अन्न २ तासांहून जास्त काळ ५ अंशांच्या वर राहिलं असेल तर फेकून द्या. चव घेऊन बघण्याचा प्रयोग करू नका.

सामायिक वीज-जागा

पुराचं पाणी न शिरलेली, पक्क्या छताची, सगळ्यांना चालत येता येईल अशी एक जागा निवडा: शाळा, सभागृह, प्रार्थनास्थळ. पोर्तो रिकोच्या डोंगरात अदहुन्तास गावात 'कासा प्वेब्लो' नावाच्या लोकसंस्थेच्या छतावर आधीपासून सौर पॅनेल होते. 'मारिया'नंतर सगळा डोंगर अंधारात असताना तिथे लोकांना फोन आणि श्वसनाची यंत्रं चालवता आली. एक जागा चालू असली की वस्तीला धीर येतो आणि बातमीही तिथूनच फिरते.

तिथे काय चालवायचं, याचा क्रम कागदावर लिहून भिंतीला लावा. पाण्याचा पंप, औषधांचा फ्रिज, वैद्यकीय यंत्रं, फोन आणि दिवे, मग पंखे. टीव्ही, इस्त्री, विजेची शेगडी आणि गीझर यांना जागा नाही. उष्णता निर्माण करणारं एकच यंत्र बाकी सगळ्यांची वीज खातं.

जनरेटर किती मोठा, हा प्रश्न पंप ठरवतो. १.५ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना सुमारे दीड किलोवॅट घेते, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या चार-सहा पट प्रवाह ओढते. म्हणून २ केव्हीएचा सेट तिला उचलत नाही, ५ केव्हीएचा घ्यावा. मोटर नुसती गुणगुणत असेल, दिवे मंद होत असतील आणि पाणी येत नसेल तर दोन-तीन सेकंदांत बंद करा. पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिलं की वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतली तारेची गुंडाळी, जळतं, आणि त्या दिवसांत रिवाइंडिंग कोण करून देणार? आधी बाकीचा सगळा भार काढा, मोटर सुरू करा, ती स्थिरावल्यावर फ्रिज आणि दिवे जोडा. थ्री फेज पंप चालतोय पण पाणी अगदी कमी येतंय, तर तो उलटा फिरतोय. सेट बंद करून तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा.

डिझेल सेट तासन्‌तास रिकामा फिरवणंही वाईट. क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली सतत चालवला तर अर्धवट जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये साचतं आणि ताकद उतरते. म्हणून सगळी कामं एकत्र करा: सकाळी दोन-तीन तास, संध्याकाळी दोन-तीन तास, त्या वेळात पंप, फ्रिज आणि चार्जिंग सगळं एकदम. मधल्या वेळेत औषधांचा फ्रिज उघडायचा नाही.

जनरेटर मांडण्याच्या पायऱ्या

१. इमारतीच्या दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब, मोकळ्यावर, धुराचं तोंड घरांच्या उलट दिशेला. गॅरेज, व्हरांडा, जिन्याखालची जागा, बाल्कनी, विहिरीची खोली यापैकी कुठेही नाही, दार उघडं ठेवून सुद्धा नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, झोप येणं ही त्याची लक्षणं, आणि रात्री झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत. २०२० मध्ये 'लॉरा' वादळ निघून गेल्यावर लुइझियानात अनेक जण जनरेटरच्या धुरानेच दगावले. एकाच घरातल्या दोघांना एकदम डोकेदुखी झाली तर ताप-सर्दी समजू नका, सगळ्यांना बाहेर काढा.

२. वरून पाऊस लागणार नाही असं छप्पर, पण चारही बाजू उघड्या. खाली विटा किंवा लाकडी फळ्या.

३. अर्थिंग. सेटच्या अर्थ टर्मिनलपासून जमिनीत ठोकलेल्या सळईपर्यंत जाड तांब्याची तार.

४. वायर. १० अँपिअर भारासाठी २.५ चौरस मिलिमीटरची तीनपदरी तांब्याची केबल. गुंडाळीची एक्स्टेन्शन असेल तर ती पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल स्वतःच्याच उष्णतेने वितळते. सांधे जमिनीवर पाण्यात पडू देऊ नका.

५. जोडणी. यंत्रं थेट सेटच्या सॉकेटला लावा. इमारतीच्या वायरिंगला वीज द्यायचीच असेल तर चेंजओव्हर स्विचमधूनच, म्हणजे एका वेळी ग्रिड किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणाऱ्या स्विचमधून. भिंतीच्या सॉकेटमध्ये दोन्हीकडे पिन असलेली वायर खुपसून घरात वीज सोडणं हा सर्रास दिसणारा आणि अक्षम्य प्रकार आहे. डीपी दोन्ही दिशांनी काम करते. तुमचे २३० व्होल्ट उलटे जाऊन वरच्या तारेत ११,००० व्होल्ट होतात, आणि तिथे तुमच्याचसाठी लाइन जोडणारा माणूस उभा असतो.

६. इंधन. सेट बंद करून १५ मिनिटं थंड होऊ द्या, मगच भरा. कॅन सेटपासून लांब, सावलीत, झाकण घट्ट. तेलाची पातळी रोज भरण्याआधी पाहा. नव्या छोट्या सेटचं पहिलं तेल २० तासांनी आणि पुढे साधारण दर १०० तासांनी बदलतात. आपत्तीत १०० तास पंधरा-वीस दिवसांतच होतात आणि तेल बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून सेटला एक वही बांधा: तारीख, किती तास चालला, किती लिटर भरलं, कुणी भरलं.

बॅटरी आणि सौर पॅनेल: आकडे फसवतात

१२ व्होल्ट, १५० एएच बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाताशी ९०० धरा. इन्व्हर्टरचा तोटा वजा जाता साडेसातशेच्या आसपास. एक स्मार्टफोन पूर्ण चार्ज करायला तोट्यासह सुमारे २५ वॅट-तास, म्हणजे एका बॅटरीवर ३० फोन. फोन १२ व्होल्टच्या यूएसबी चार्जरने थेट बॅटरीवर लावले आणि इन्व्हर्टर बंद ठेवला, तर आणखी चार-पाच फोन निघतात. प्रत्येक फोनला नावाची चिठ्ठी, पावती, आणि घरटी एकच फोन असा नियम पहिल्या आठवड्यात तरी ठेवा.

लोकांचा हिशेब चुकतो तो भरताना. ही बॅटरी साधारण १५ अँपिअरने भरते. अर्धी उतरलेली बॅटरी भरायला सहा तास लागतात, तुम्ही जनरेटर कितीही मोठा आणा. दोन तास जनरेटर चालवून बॅटरी 'फुल' झाली असं समजणारे दोन दिवसांत अंधारात बसतात. बॅटरीला संथ आणि लांब चार्जिंग लागतं, म्हणून तिची खरी जोडी सौर पॅनेलशी. ३३० वॅटचं एक पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी एक युनिटच्या आसपास देतं, म्हणजे एक बॅटरी भरते. ढगाळ दिवशी त्याच्या निम्मं किंवा पावही. मोठ्या पॅनेलला १२ व्होल्टची बॅटरी जोडताना चार्ज कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरी यांच्या मधलं चार्जिंग सांभाळणारं यंत्र) एमपीपीटी प्रकारचा हवा, तो पॅनेलचा जास्तीचा दाब वाया न घालवता बॅटरीजोगा करतो. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलचा ३७ व्होल्टचा दाब बॅटरीच्या पातळीवर खेचतो आणि निम्म्याहून जास्त वीज वाया जाते.

'आमच्या छतावर सोलर आहे, मग वीज का नाही?' हा प्रश्न हमखास येतो. ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतःहून बंद होतो आणि ते बरोबरच आहे, लाइनमनच्या जिवासाठी. बॅटरी किंवा बॅकअपची सोय असलेला इन्व्हर्टर असेल तरच तो चालतो. त्याच्या वायरिंगशी खटपट करून तो जबरदस्तीने चालू करू नका. छतावरचे फुटलेले पॅनेल उन्हात वीज देतच राहतात. हात लावण्याआधी जाड कापडाने झाका.

खाऱ्या पाण्यात बुडालेल्या लिथियम बॅटऱ्या, मग त्या वाहनाच्या असोत की घराच्या, पाणी ओसरून काही दिवस झाल्यावरही पेटू शकतात. २०२२ मध्ये 'इयन'नंतर फ्लोरिडात पुरात बुडालेल्या विजेच्या गाड्यांना अशा आगी लागल्या होत्या. अशी गाडी इमारतीपासून लांब, मोकळ्यावर ढकलून ठेवा आणि चार्जिंगला लावू नका.

पाणी

माणशी दिवसाला १५ लिटर धरा, पिणं, स्वयंपाक आणि अंग धुणं मिळून. ४०० माणसांना ६,००० लिटर. मिनिटाला ६० लिटर देणारा पंप एवढं पाणी १०० मिनिटांत टाकीत चढवतो. जनरेटरच्या सकाळच्या फेरीत वस्तीचं सगळं पाणी भागतं. घराघराच्या टाक्या भरायच्या मागे लागू नका, एका टाकीला सहा-आठ नळ लावा.

बुडालेली मोटर लगेच सुरू करू नका. गोड्या पाण्याने धुवा, उन्हात आणि वाऱ्यावर दोन दिवस सुकवा, मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध तपासा. १ मेगओहमच्या खाली असेल तर पुन्हा सुकवा. सबमर्सिबल मोटर पाण्यातच असते, तिला काही होत नाही. बिघडतो तो वरचा स्टार्टर.

टाकीच्या १,००० लिटरला चांगल्या, ताज्या ब्लीचिंग पावडरचे २.५ ग्रॅम हे नेहमीचं प्रमाण. पुराचं पाणी मिसळलेल्या विहिरीसाठी दुपटीपासून सुरुवात करा, म्हणजे ६,००० लिटरला ३० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता, खालचा चुना टाकून द्या. अर्ध्या तासाने नळाच्या पाण्यात प्रतिलिटर ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर मात्रा वाढवा. ओलसर हवेत उघडी राहिलेली पावडर दिसायला तशीच असते, पण तिच्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं, म्हणून तपासणी टाळू नका. घरी करायचं तर ५ टक्क्यांचं, सुगंध नसलेलं सोडियम हायपोक्लोराइट लिटरमागे २ थेंब, गढूळ पाण्याला आधी फडक्याने गाळून ४ थेंब, आणि ३० मिनिटं थांबणं.

सांडपाणी पंपाने उचललं जात असेल तर वीज नसताना ते तुंबतं आणि सगळ्यात खालच्या घरांच्या संडासातून वर येतं. वरच्या मजल्यांनी पाणी ओतणं कमी केलं तरच खालच्यांची सुटका होते, हे त्यांना जाऊन सांगा.

घर वीज घेण्यायोग्य आहे का

पुराचं पाणी चढलं होतं त्या रेषेखालचा प्रत्येक सॉकेट, स्विच, एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच) बदला. सुकवून पुन्हा बसवू नका. त्यांच्या आत गाळ आणि मीठ राहतं. ते वरून चालताना दिसतात, पण दोषाच्या क्षणी ट्रिप होत नाहीत, आणि ते असतात त्या एका क्षणासाठीच. पाइपातल्या तारा मेगरने तपासून ठेवता येतात, सांधे मात्र नवे करा. छपराजवळचा सर्व्हिस वायरचा ब्रॅकेट उपटला असेल तर तो घरमालकाने आधी दुरुस्त करून ठेवावा. नाहीतर पथक तुमचं घर वगळून पुढे जातं आणि पुन्हा यायला आठवडा लावतं.

वीज येते तेव्हा

पथकाने फ्यूज टाकण्याआधी सगळ्या घरांनी फ्रिज, पंप, वातानुकूलन आणि गीझर बंद ठेवावेत, एक दिवा चालू. अनेक दिवस बंद असलेल्या वस्तीत सगळे फ्रिज आणि मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. एरवी त्या आलटूनपालटून चालतात. त्यामुळे नेहमीच्या दुपटीहून अधिक भार येतो, फ्यूज पुन्हा उडतो आणि लोक म्हणतात की दुरुस्ती नीट केली नाही. दिवा लागल्यावर १५ मिनिटं थांबा, मग एकेक रांग चालू करा.

त्या १५ मिनिटांत मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रलमधला दाब पाहा. २३० व्होल्टच्या व्यवस्थेत २०७ ते २५३ च्या आत हवा. काही घरांत दिवे डोळे दिपवतात आणि शेजारी मिणमिणतात, असं दिसलं तर डीपीकडची न्यूट्रल तुटलेली आहे. तेव्हा काही घरांत ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. सगळ्यांना मेन स्विच पाडायला सांगा आणि पथकाला थांबवा.

सामायिक जागा त्याच दिवशी मोडू नका. तात्पुरत्या जोडलेल्या तारा, कलते खांब आणि मिठाचे इन्सुलेटर यांमुळे पुढचे सात-आठ दिवस वीज येत-जात राहते. आठवडा सलग गेला की उसने आणलेले सिलिंडर, बॅटऱ्या आणि केबल वहीतल्या नोंदीप्रमाणे परत करा. पेट्रोल जनरेटरचा इंधनाचा कॉक बंद करून तो आपोआप थांबेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होईल. तसं न केलं तर उरलेलं पेट्रोल काही महिन्यांत चिकट होऊन जेट बुजवतं आणि पुढच्या वादळात दोरी ओढत बसावं लागतं. तेल बदला, टाकी कोरडी करा, एअर फिल्टर धुऊन वाळवा, आणि महिन्यातून एकदा भार लावून अर्धा तास चालवायचं काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा.